जागं गाव

धाराशिवात रात्री बाहेर जेवायला कुठं जावं, असं पाहुण्यानं विचारलं की आम्ही आधी घड्याळ बघतो. साडेदहा वाजून गेले असतील तर प्रश्नच मिटला. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं हॉटेल चोवीस तास उघडं ठेवायची मुभा दिली खरी, पण गिऱ्हाईकच नसेल तर आचारी कुणासाठी थांबणार? मग उरतो सोलापूर-धुळे महामार्ग आणि त्यावरचे ढाबे.

ढाब्यावरचं जेवण वाईट नसतं, हे आधीच सांगतो. उस्मानाबादी शेळीचं नाव देशभर आहे. अंगानं बहुतेक काळी, एका वेळी दोन-दोन करडं देणारी, माळावरच्या बोरी-बाभळी खाऊन वाढलेली. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, शेळीचं मात्र तेच राहिलं. त्या मटणाचा तिखटजाळ रस्सा, ज्वारीची भाकरी आणि फोडलेला कांदा एवढ्यावर माणूस तृप्त होतो. पण टेबलांवरून नजर फिरवा. सगळे बाप्ये. बायामाणसं बरोबर असतील तर वेटर आतल्या खोलीकडं बोट दाखवतो. तिथं पडदा असतो, पंखा असेलच असं नाही. घरातल्या बाईनं बाहेर जेवायचं तर पडद्याआड आणि नऊच्या आत, हा आमच्या जिल्ह्याचा अलिखित नियम. जेवण झाल्यावर कुणी गुलाबजामचा विषय काढतो. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याचा लौकिक मोठा आहे आणि धाराशिवचे गुलाबजाम खाल्लेला माणूस दुसरीकडच्या गुलाबजामाला नावं ठेवल्याशिवाय राहत नाही. पण त्या वेळेपर्यंत मिठाईचं दुकानही बंद झालेलं असतं.

एवढ्यावरून आमच्याकडं रात्रजीवन नाही, असा निकाल पाहुणा देतो. पुण्यात राहणारी आमचीच पोरं तर तो हसत हसत देतात. मला तो मान्य नाही.

जपानमधलं क्योतो हे शहर जगभरच्या खवय्यांची पंढरी मानलं जातं. इसवी सन ७९४ पासून हजाराहून अधिक वर्षं ते राजधानी होतं. कामो नदीकाठची पोंतोचो ही अरुंद गल्ली, उन्हाळ्यात नदीकडेला टाकलेले जेवणाचे मंच, गिओनमधली दिव्यांची रांग यांची छायाचित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण गिओन मुळात काय होतं? यासाका या देवस्थानाला येणाऱ्या यात्रेकरूंना चहा आणि चार घास देणाऱ्या टपऱ्या. पुढं तिथं नाच-गाणं आलं, पैसा आला, गेइशा आल्या. देवळासमोर भुकेला माणूस उभा होता म्हणून ते सगळं उभं राहिलं. तिथल्या जुन्या चहागृहांत आजही अनोळखी माणसाला थेट प्रवेश नसतो. आधीच्या कुणी गिऱ्हाइकानं ओळख करून द्यावी लागते.

हे वाचलं तेव्हा मला आमच्याच जिल्ह्यातलं, तुळजाभवानीचं तुळजापूर आठवलं. तिथल्या पुजाऱ्याच्या घरी जेवायलाही ओळख लागते. फक्त ती तुमच्या पणज्यानं देऊन ठेवलेली असते. गावाचं नाव, आडनाव सांगायचं, की पुजारी तुमच्या घराण्याचा कुलाचार तुम्हालाच सांगू लागतो. मग त्याच्या वाड्यात चूल पेटते. पुरणपोळीचा नैवेद्य होतो, कुणाच्या नवसाचं बकरं असेल तर त्याचीही पंगत बसते. पाटावर बसलेला माणूस कधी पाहुणा असतो, कधी गिऱ्हाईक, आणि दक्षिणा देताना त्याला स्वतःलाही ते नीट कळत नाही. उडुपी हॉटेलं आणि लॉज आले तसे हे वाडे थोडे मागं पडले. तरी मंगळवारी आणि पौर्णिमेला तुळजापुरात जेवणाऱ्यांचे दोन तट दिसतातच, एक थाळीचा दर विचारणारा आणि एक आडनाव सांगणारा.

आणि रात्र? नवरात्रात तुळजापूर झोपतच नाही. मध्यरात्र उलटते न उलटते तोच चरणतीर्थासाठी मंदिराचे दरवाजे उघडतात. कल्लोळ तीर्थावर अंघोळी चाललेल्या, परडी घेतलेल्या आराधिणी, पोत पाजळून उभे भुत्ये, कुठल्याशा ओसरीवर संबळ आणि तुणतुणं. बाहेर कढईत भजी तळली जात असतात आणि कवड्यांच्या माळा विकणाऱ्याला पहाटे तीनलाही दम खायला फुरसत नसते.

दसऱ्याला पहाटे सीमोल्लंघन होतं. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. साड्यांमध्ये गुंडाळून ती पालखीतून बाहेर येते, प्रदक्षिणा होते आणि मग देवी पलंगावर निजते. पालखी येते नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून आणि पलंग येतो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावच्या परंपरेतून. महिषासुराशी लढून दमलेल्या देवीची ही श्रमनिद्रा, पौर्णिमेपर्यंतची. देव झोपतो आणि त्याच्या झोपेचं वेळापत्रक सगळं गाव पाळतं, ही गोष्ट मला फार आवडते. आपल्याकडं बाई दमते हे निदान देवीच्या बाबतीत तरी मान्य आहे.

देवी झोपेत असताना तिची माणसं मात्र चालायला लागतात. कोजागरीच्या आदल्या रात्री सोलापुरातून तुळजापूरकडं जो जनसागर निघतो तो बघितल्याशिवाय आमच्या जिल्ह्याच्या रात्रीबद्दल कुणी बोलू नये. अंतर साधारण पंचेचाळीस किलोमीटर. कर्नाटकातून आलेले तर त्याआधी कित्येक दिवस चालत असतात. रस्ता वाहनांना बंद. तामलवाडीच्या पुढं तर दोन्ही कडांना मांडवच मांडव. साबुदाण्याची खिचडी, केळी, उपमा, मसालेभात, कुठं गरम दूध, कुठं चहा. सगळं फुकट आणि वर आग्रह. कानडी आणि मराठी एकाच ओळीत कालवलेली असते आणि मधूनच 'आई राजा उदो उदो'चा गजर उठतो. शेवटी घाट येतो, तिथं पायाला आलेले फोड आणि हातातला चहा दोन्ही सांभाळत माणसं चढतात.

या गर्दीत बायका किती असतात ते पाहा. सासवा-सुना, कॉलेजातल्या मुली, विडी वळणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या. रात्री दोन वाजता महामार्गाच्या मधोमध बसून त्या खिचडी खातात, मोठ्यानं हसतात, पाय चेपतात. कुणी विचारत नाही, इतक्या रात्री कुठं? जो जिल्हा वर्षभर त्यांना पडद्याआड बसवतो, तोच त्या रात्री सगळा रस्ता मोकळा करून देतो. ही सूट श्रद्धेच्या नावानं मिळते, हक्कानं नाही, हे मला टोचतं. पण मिळते ती खरी असते. रात्रजीवन म्हणजे नुसती दिव्यांची रोषणाई नव्हे, रात्री बाहेर असायची भीती न वाटणं असेल, तर पुण्यातल्या पोरांनी आपला निकाल पुन्हा तपासावा.

मांडवांबद्दल तक्रार आहेच. अन्नदानापेक्षा दात्याचा फलक मोठा झाला आहे आणि त्यावरची हसरी मंडळी दरवर्षी वाढताहेत. खिचडीचं ताट देणारे हात शेकडो. त्या पंचेचाळीस किलोमीटरांवर बायकांसाठी आडोसा किती, हे मात्र चालणाऱ्या बाईलाच विचारावं. दाता शोधायचाच तर पुढच्या वेळी त्यासाठी शोधावा.

यंदा जमलं तर निघा. घरातल्या बायकांना सोबत घ्या, किंवा त्यांच्या सोबतीनं जा. पायात वापरलेली चप्पल असू द्या, पिशवीत स्वतःचा पेला ठेवा आणि प्लास्टिकचा ग्लास नाकारा. पौर्णिमेनंतर तो सगळा रस्ता झाडावा लागतो आणि झाडणाऱ्याही बहुतेक बायकाच असतात.