ओपलच्या गावी शिकलेला पाण्याचा धडा

सोलापुरात जन्म गेलेल्या माणसाला उन्हाचे भय वाटत नाही. त्यामुळे ॲडलेडला राहणाऱ्या मुलाने कूबर पेडी पाहायला जाण्याचा बेत सांगितला, तेव्हा वयाच्या ७२व्या वर्षीही मी निःशंकपणे होकार दिला.

कूबर पेडी हे ॲडलेडच्या उत्तरेस ८४६ किलोमीटरवर वाळवंटात वसलेले, सुमारे दीड हजार वस्तीचे गाव. ओपल या रंगीत रत्नाच्या खाणींसाठी ते जगप्रसिद्ध आहे. १९१५ साली सोने शोधायला आलेल्या तुकडीतील विली हचिसन या १४ वर्षांच्या मुलाला येथे पहिला ओपल सापडला आणि खाणकाम सुरू झाले.

मुलाने कॅम्पर व्हॅन भाड्याने घेतली होती. झोपायला जागा, शेगडी, पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात छोटेसे शौचालय, असे ते चाकांवरचे घरच होते. पहिला मुक्काम पोर्ट ऑगस्टाला झाला. दुसऱ्या दिवशी स्टुअर्ट महामार्गाने निघालो. दुतर्फा तांबडी माती, खुरटी झुडपे आणि मधूनच मिठाने पांढरी झालेली कोरडी तळी. ग्लेनडॅम्बो सोडल्यावर सुमारे २५० किलोमीटर एकही गाव नाही. म्हणजे सोलापूरहून पुण्याला जावे आणि वाटेत काहीच लागू नये!

व्हॅन चालू असताना सर्वांनी पट्टा बांधून बसायचे, हा तिथला नियम. शौचालय वापरायचे तर गाडी थांबवायला हवी. मुलाला पुन्हा पुन्हा कसे सांगावे, या संकोचाने मी सकाळच्या चहानंतर केवळ ओठ ओले केले. रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी गोळी मात्र नेमाने घेतली होती. हवा इतकी कोरडी, की घाम येताच वाळत होता. शरीरातील पाणी घटत असल्याचे मला जाणवलेच नाही.

दुपारी गाव आले. खाणीतून उपसलेल्या मातीचे पांढुरके ढीग सर्वत्र पसरले होते. उघड्या खड्ड्यांपासून सावध करणाऱ्या पाट्या जागोजागी होत्या. मी उतरायला उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलाने वार विचारला, तो मी चुकीचा सांगितला.

“आई, सकाळपासून पाणी किती प्यालात?” सूनबाईंनी विचारले.

“प्याले की,” मी म्हणाले. पण कोरडी पडलेली जीभ खरे सांगत होती.

त्यांनी मला तातडीने गावातील रुग्णालयात नेले. तेथे रक्तदाब तपासून मला ओआरएस घोटाघोटाने पाजले. संध्याकाळपर्यंत हुशारी आली.

आमचा त्या रात्रीचा मुक्काम जमिनीखाली होता. उन्हाळ्यात येथे पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून पुष्कळ लोक टेकडी कोरून केलेल्या घरांत राहतात. तेथे तापमान बारा महिने २३ ते २५ अंशांच्या आसपास असते. त्या कोरीव भिंतींना हात लावताना मला आपल्याकडील माळवदाची घरे आठवली. जाड माती उन्हाला आत येऊ देत नाही, हे ज्ञान दोन्हीकडे सारखेच.

दुसऱ्या दिवशी खाण पाहताना ओपलची घडण समजली. सिलिका विरघळलेले पाणी खडकांच्या भेगांत झिरपते आणि दीर्घ काळाने त्याचे हे रत्न बनते. त्यात पाण्याचा अंश कायम राहतो. काही ओपल फार सुकले तर तडकतात. हे ऐकताच सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि आम्ही दोघी हसलो.

उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडेथोडे पाणी घ्यावे. जीभ कोरडी पडणे, लघवी गडद होणे, उठताना चक्कर येणे या खुणा ओळखाव्यात. बोलण्यात अचानक असंबद्धता आली, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पाण्याचे प्रमाण आणि प्रवासातील गोळ्यांची वेळ डॉक्टरांनाच विचारावी; गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

मात्र माझ्या बाबतीत पाणी हाताशीच होते, आड आला तो संकोच. हे ध्यानी घेऊन परतीच्या वाटेवर मुलगा दर दीड तासाने “पाय मोकळे करू” म्हणत स्वतःहून गाडी थांबवी. मला काही मागावेच लागले नाही. काळजी घेणाऱ्यांनी “पाणी प्यालात का?” एवढेच न विचारता थांबण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय आधीच करून ठेवावी, मग पाणी आपोआप पोटात जाते.

सोलापूरला परतल्यावर पुण्याला जाण्याचा योग आला. गाडीत बसतानाच मी चालकाला सांगितले, “वाटेत दोन-तीनदा थांबावे लागेल.” त्याने सहज मान डोलावली. इतकी साधी गोष्ट बोलायला मी उगीचच इतकी वर्षे लाजत होते.