रूपाभवानीच्या वाटेवर

पुतण्या अमेरिकेहून सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी आला होता. संक्रांत तोंडावर आलेली, गावात नंदीध्वजांची गडबड. सकाळी चहा पिता पिता त्याने विचारलं, "काका, आपल्या सोलापुरात पुढारी कुठे बसायचे?"

वॉशिंग्टनमध्ये म्हणे जुन्या हॉटेलांच्या बारमधून पायी हिंडवून आणतात. विलर्ड हॉटेलचा गोल बार दाखवतात. हेन्री क्ले या सिनेटरने पुदिन्याचं मद्य राजधानीला प्रथम इथेच चाखवलं, असं सांगतात. कोणता अध्यक्ष कुठे बसे, कोणता करार कोणत्या टेबलावर ठरला, हे ऐकत लोक दोन तास चालतात. पुतण्याला ते फार आवडलं होतं, आणि आपल्या गावातही तसं काही असणार याची त्याला खात्री होती.

त्याचा प्रश्न मला बरा वाटला, त्यातल्या 'बसायचे'मुळे. मराठीत बसणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण माझ्या लहानपणी 'हॉटेलात बसलेत' म्हटलं की चहाचं हॉटेल. जुन्या मिलचा भोंगा झाला की पाळी सुटलेली माणसं तिथे येत. बशीत चहा ओतून फुंकत पीत आणि निवडणुकीचा निकाल मतदानाआधीच लावून मोकळी होत. माझे आजोबा त्यांच्यातले. 'हॉटेल' हा शब्द मी तिथेच शिकलो. त्या शब्दात राहण्याची खोली नव्हती आणि बारही नव्हता.

"चल," म्हटलं, "दाखवतो."

सात रस्त्यावरून निघालो. वाटेत परमिट रूमची पाटी दिसली तशी त्याला त्या नावाची गोष्ट सांगितली. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, १९५० च्या एप्रिलपासून बंदी पुरी झाली. दारू प्यायची तर सरकारी परवाना हवा. पुढे बंदी ढिली झाली, पण परवाना राहिला आणि पाटीवर त्याचं नावही राहिलं. काँग्रेसच्या सभासदत्वाच्या शपथेतच मद्य न पिण्याची अट होती. खादीतला पुढारी चारचौघांत पेला घेऊन बसेल, असा तो काळ नव्हता.

कोर्टाजवळ क्षणभर थांबलो. सोलापूरच्याच सत्र न्यायालयात पट्टेवाला म्हणून नोकरीला लागलेले सुशीलकुमार शिंदे २००३ मध्ये मुख्यमंत्री झाले. हे पुतण्याला माहीत होतं. मला त्याला त्याच्याही मागे न्यायचं होतं.

हुतात्मा चौकात चार पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि 'गझनफर' पत्राचे संपादक कुर्बान हुसेन. चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलं. यात्रेच्या ऐन तोंडावर. त्या वर्षी सिद्धेश्वराच्या अक्षता कशा मनाने टाकल्या असतील गावाने, हा विचार दर जानेवारीत माझ्या मनात येतो. पुतण्याने कोपऱ्यावरच्या बाईकडून झेंडूची फुलं घेतली. चार मागितली, तिने पाच दिली. "राहू द्या की ओ," म्हणाली.

"पण हे बसायच्या जागांमध्ये कुठे येतं?" त्याने विचारलं.

म्हटलं, येतं. सुरुवातच तिथून होते.

१९३० च्या जानेवारीत गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या, त्यात पहिली संपूर्ण दारूबंदीची. मिठावर कर होता तसा शिंदीवरही होता. रानात उगवलेल्या झाडाला खाच पाडून मडकं बांधायचं तरी सरकारला पैसे मोजायचे, आणि त्या पैशातून तिजोरी भरायची. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची बातमी आली नि सोलापूर पेटलं. ८ मे रोजी लोक रूपाभवानीच्या देवळाच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला गेले. पोलीस आले, धरपकड झाली, जमाव खवळला. धनशेट्टी लोकांना शांत करत होते. शंकर शिवदारे हा तरुण झेंडा घेऊन पुढे आला आणि गोळी लागून पडला.

मग काहीच आवरलं नाही. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जळली, पोलीस मारले गेले, कोर्टाला आग लागली. साहेबाचा अंमल गावातून उठला आणि काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी काही दिवस गावाची व्यवस्था पाहिली. मग मार्शल लॉ आला तो जूनअखेरपर्यंत. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी गुन्हा. चौघांवर पोलिसांच्या खुनाचा खटला झाला. गावाने तो निकाल कधीच मान्य केला नाही, मीही करत नाही.

मंगळवार पेठेतून तुळजापूर वेशीकडे चालत होतो. पुतण्या गप्प झाला होता. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे गरिबाची शिंदी बंद करायला निघाले होते?"

हा प्रश्न मलाही छळतो. आमच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर पिढ्यान् पिढ्या राहतात. दिवसभर मागावर उभं राहिलेल्या माणसाला संध्याकाळी एक पेला शिंदी म्हणजे काय, हे मी माझ्याच गल्लीत पाहिलेलं आहे. त्याच पेल्यापायी पगाराच्या दिवशी दारात उभ्या राहिलेल्या बायकाही पाहिल्या आहेत. तरीही मला वाटतं, त्या दिवशीची कुऱ्हाड पिणाऱ्यावर नव्हती. पहाटे झाडावरून उतरवलेली नीरा गोड असते, ऊन चढेल तशी ती आंबत जाते. त्या गोड-आंबट पाण्याचा हिशेब परक्याच्या वहीत लिहिला जात होता. लोकांना ती वही नको होती. झाड हाताशी होतं, म्हणून घाव झाडावर पडला.

वेशीजवळ एका हॉटेलात चहा घेतला. फरशीची टेबलं, भिंतीवर सिद्धेश्वराची तसबीर, शेजारी तिघे जण महापालिकेच्या प्रभागावरून कानडी-तेलुगू-मराठीत एकाच वेळी भांडत होते. पुतण्या त्यांच्याकडे बघत राहिला. "ही जागा," मी म्हटलं. मला दाखवायला दुसरं काही नव्हतं.

रूपाभवानीला पोचेस्तोवर उन्हं कलली. देवळात बायकांची ये-जा, बाहेर नारळाच्या शेंड्यांचा ढीग. पाचवं फूल अजून त्याच्या मुठीत होतं, पाकळ्या गळायला लागलेल्या.

"शिवदारेंचं," तो म्हणाला. "कुठे ठेवू?"

मागे नाल्याच्या काठाला एक शिंदीचं झाड आहे. उंच नाही, वाकडंतिकडं. एका वर्षी या अंगाला खाच, पुढच्या वर्षी त्या अंगाला, त्यामुळे खोड नागमोडी चढत गेलंय. सगळ्यात खालची खाच जुनी, कडा गुळगुळीत झालेल्या. १९३० च्या त्या रानाचं हे झाड नव्हे, त्याच जातीचं, एवढंच. पुतण्याने त्या खाचेवरून अंगठा फिरवला, आतला कचरा फुंकून काढला आणि फूल दाबून ठेवलं. पहिल्यांदा ते पडलं. त्याने उचललं, देठ आत वळवला. मग नीट बसलं.