ठाकुरवाडीचा हुक

दर महिन्याच्या सेकंड सॅटर्डेला ऑफिसमधल्या प्रत्येकाला एकच स्वप्न पडतं. नोकरी सोडायची, कर्जतला जायचं आणि काहीतरी ‘आपलं’ सुरू करायचं. आमच्या दादाला हे स्वप्न जरा जास्तच जोरात पडलं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. दहा वर्षं आयटीत काढली, पीएफ काढला आणि एक कॅरॅव्हॅन घेतली. सेकंडहँड, पण एकदम झकास! आत दोन बंक, छोटं किचन, टॉयलेट. इंजिन मात्र नाही. म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायची.

प्लॅन असा की कॅरॅव्हॅन पुण्याहून घाट उतरवून ठाकुरवाडीला न्यायची आणि शेताच्या कडेला कायमची उभी करायची. वीकेंडला तुमच्या-माझ्यासारखे कंटाळलेले जीव भाड्याने राहायला येणार. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन टुरिझमचं धोरण आणलं, तेव्हापासून दादाच्या डोक्यात हे घोळत होतं. थर्टीफर्स्टचं पहिलं बुकिंगही झालं होतं, अ‍ॅडव्हान्ससकट.

राहिला होता फक्त हुक.

‘हुक काय, कुठलाही लावू,’ असं दादाला आणि मलाही वाटत होतं. एका फॅब्रिकेटरने एसयूव्हीच्या मागे जाड पट्टी वेल्ड करून त्यावर लोखंडी गोळा बसवून दिला. कॅरॅव्हॅनचं नाक त्या गोळ्यावर टोपीसारखं बसलं. खटका पाडला, साखळी अडकवली, नारळ फोडला आणि आम्ही निघालो. वहिनी मुलांना घेऊन मागच्या सीटवर, मी पुढे, कॅमेरा घेऊन. ‘चाकावरचं घर’ अशी स्टोरी डोक्यात तयारच होती.

तळेगावच्या पुढे एक ट्रक आम्हाला ओव्हरटेक करून गेला आणि कॅरॅव्हॅनने शेपूट हलवायला सुरुवात केली. आधी हळू, मग आमची गाडीही हलू लागली. आरशात कॅरॅव्हॅन एकदा डावीकडे दिसत होती, एकदा उजवीकडे. वहिनीने दोन्ही मुलांना घट्ट धरलं. दादाने नशिबाने जोरात ब्रेक मारला नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं. दहा-बारा सेकंदांत सगळं शांत झालं. बॉस, ते दहा-बारा सेकंद मी आयुष्यात विसरणार नाही.

लोणावळ्याला ओळखीच्या एका आवारात कॅरॅव्हॅन सोडली. समोर खंडाळ्याचा उतार होता. ‘यापुढे मुलं या गाडीत बसणार नाहीत,’ वहिनी म्हणाली. दादा काहीच बोलला नाही. वहिनी मुलांना घेऊन पुण्याला परतली, आणि जागा तरी बघून येऊ म्हणून आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी रेल्वेने कर्जतला निघालो.

हा घाट ट्रेनने उतरताना खिडकी सोडू नका. लोणावळा ते कर्जत जेमतेम 28 किलोमीटर, पण साडेपाचशे मीटरहून जास्त उतार. चढ सर्वांत तीव्र आहे तिथे 37 फुटांना एक फूट. रस्त्याच्या हिशेबाने हे काहीच नाही, पण लोखंडी रुळावरच्या लोखंडी चाकाला हे खूप झालं. घाटातला हा मार्ग 1863 मध्ये सुरू झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये भारतात येऊन थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवलं आणि काम तडीस नेलं. हे ऐकून दादा म्हणाला, ‘वहिनीला सांगू नकोस, ती कॅरॅव्हॅन ताब्यात घेईल.’ आदल्या दिवसापासून तो पहिल्यांदाच हसला होता.

खंडाळा, मंकी हिल, नागनाथ आणि मग पिवळ्या पाटीवर ‘ठाकुरवाडी’. इथे तिकीट काढून कुणी उतरत नाही. घाट उतरताना गाड्या ब्रेकची खात्री करायला थांबतात, तेवढाच हा थांबा. शिवाय ब्रेक निकामी झालेली गाडी चढाच्या रुळावर वळवून थांबवता यावी म्हणून घाटात कॅच सायडिंग ठेवलेली आहेत. दादा खिडकीतून बघत राहिला. ‘यांचे ब्रेक रोज तपासतात,’ तो म्हणाला, ‘आणि आपण नारळ फोडून निघालो.’

खरी शिकवणी झाली ती कर्जतला. हातात वडा, समोर पुण्याकडे जाणारी एक्स्प्रेस. प्रवासी वड्यासाठी धावतात, त्या दोन-चार मिनिटांत गाडीच्या मागे इंजिनं येऊन जोडली जातात. यांना बँकर म्हणतात. लोणावळ्यापर्यंत ती मागून ढकलतात आणि वर जाऊन सुटतात. लाखो लोकांनी हे पाहिलंय, मीही. पण इंजिनं मागेच का, पुढे का नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

उत्तर हुकात आहे. 1 हजार टनांची गाडी 1:37 च्या चढावर नुसती धरून ठेवायची तर सुमारे 27 टनांची ओढ लागते. सगळी इंजिनं पुढे लावली तर ही ओढ पहिल्या डब्याच्या कपलिंगवर येईल. मागून ढकललं की तो भार वाटला जातो. आणि समजा कपलिंग तुटलंच, तर सुटलेले डबे खाली पळत नाहीत, मागे बँकर उभा असतो. जुन्या निळ्या डब्यांना स्क्रू कपलिंग असतं, माणूस दोन डब्यांच्या मधे शिरून ते आवळतो. नव्या एलएचबी डब्यांचं कपलिंग मुठीत मूठ अडकावी तसं आपोआप बसतं. आणि 2023 मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकरशिवायच घाट चढते, कारण तिच्या मोटारी अनेक डब्यांखाली वाटलेल्या आहेत. म्हणजे फंडा एकच. एकट्या हुकाच्या भरवशावर राहायचं नाही, आधी भार वाटायचा.

मग दादातला इंजिनीयर जागा झाला. लोणावळ्याला परतल्यावर कॅरॅव्हॅन वजनकाट्यावर नेली. 1,640 किलो. नाकाखाली लाकडाचा ठोकळा आणि बाथरूममधला वजनकाटा ठेवला. नाकावर फक्त 70 किलो. इथेच घोळ होता. अशा जड ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार हुकावर यावा असा अमेरिकन हिशेब आहे, म्हणजे किमान 164 किलो. आमच्या कॅरॅव्हॅनची पाण्याची टाकी चाकांच्या मागे, तीही काठोकाठ भरलेली. मागचं जड, नाक हलकं, म्हणून ती शेपूट हलवत होती.

‘मग टाकी रिकामी करू, सामान पुढे सरकवू, झालं!’ मी म्हणाले.

‘झालं नाही,’ दादाने गाडीचं मॅन्युअल पुढे केलं. ब्रेक असलेला ट्रेलर कमाल 1,500 किलो, हुकावरचा भार कमाल 100 किलो. नाकावर भार वाढवला की गाडीची मागची बाजू बसणार, पुढची चाकं हलकी होणार, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही ढिले पडणार. यावर ‘वेट डिस्ट्रिब्युशन’ हुक असतो. त्याचे स्प्रिंगचे दांडे तरफेसारखे काम करून थोडा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. दादाने तो परदेशातून मागवायचीही तयारी केली. पण हा हुक भार वाटतो, गाडीची क्षमता वाढवत नाही. 1,500 चे 1,640 होत नाहीत.

आणखी एक शोध लागला. कॅरॅव्हॅनची टोपी दोन इंची, म्हणजे 50.8 मिलिमीटर. फॅब्रिकेटरने बसवलेला गोळा 50 मिलिमीटरचा. पाऊण मिलिमीटरचा फरक! खड्ड्यात आदळलं की टोपी गोळ्यावरून उडू शकते.

त्या रात्री दादाने थर्टीफर्स्टच्या पाहुण्यांना फोन केला, सॉरी म्हटलं आणि अ‍ॅडव्हान्स परत पाठवला. पीएफ संपत आलेल्या माणसाला हा फोन करणं किती जड जातं, ते मी शेजारी बसून पाहिलं.

मग त्याने कॅरॅव्हॅनसाठी हुक निवडायचा नाद सोडला. तिला वर्षभर उभंच राहायचंय, घाट एकदाच उतरायचाय. मग ओढायची कशाला? जानेवारीत ती सपाट ट्रकवर चढवून, पट्ट्यांनी आवळून खाली आणली. शेवटचा कच्चा रस्ता ट्रकला जमेना, तेव्हा वाडीतल्या एका काकांनी ट्रॅक्टर जोडला. दादाने कौतुकाने हुकाबद्दल बरंच काही सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, खाली वाकून पिन हलवून बघितली आणि म्हणाले, ‘चला, हळूहळू. घाई करणाऱ्याचीच ट्रॉली पलटी होते.’

आता कॅरॅव्हॅन भातशेताच्या कडेला उभी आहे. पहिले पाहुणे वहिनी आणि मुलंच होती. रात्री वाडी झोपली की डोंगरातून इंजिनांचा आवाज येतो. एखादी गाडी घाट चढत असते, पुढून ओढणारी, मागून ढकलणारी. मुलं विचारतात, ‘आत्या, मागे किती इंजिनं असतील?’ आणि दादा मोजायला बाहेर येतो.

ट्रेलर जोडायचा विचार आहे?

• आधी मॅन्युअल, मग खरेदी. ओढायची कमाल क्षमता आणि हुकावरचा कमाल भार, दोन्ही आकडे बघा.
• सामान भरून वजनकाट्यावर वजन करा. नाकावरचा भार वेगळा मोजा.
• गोळा आणि टोपी एकाच मापाची हवी. ‘बसतंय की’ चालणार नाही.
• दोन सेफ्टी चेन नाकाखाली एकमेकींवर तिरक्या लावा.
• जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. लांब उतारावर खालचा गिअर ठेवा, नाहीतर ब्रेक तापतात.
• ट्रेलर डोलायला लागला तर वेग हळूहळू कमी करा, स्टिअरिंग झटकू नका.

जायचं कसं? मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकल, पुढे रिक्षा. कर्जत-खालापुरात ठाकरांच्या वाड्या अनेक आहेत आणि ‘ठाकुरवाडी’ हे नावही एकापेक्षा जास्त ठिकाणी सापडतं, तेव्हा कुठली ते आधी विचारून घ्या. घाटातल्या ठाकुरवाडीला गाडी थांबली, तरी उतरू नका. खिडकीतूनच बघा.