दीड आणि १.५०

जुनी माउंटन बाइक रोजच्या जाण्यायेण्याला लावायची, तर खरे काम चाकांचे असते. वलगावहून अमरावतीला जाणाऱ्याला दहा-बारा किलोमीटर तोडायचे असतात आणि मुलूख पयनघाटाचा, सपाट. डोंगर हवा तर परतवाड्यापुढे चिखलदऱ्याचा घाट गाठावा लागतो. तरी दहावीच्या वर्षी हौसेने घेतलेली गिअरची सायकल वऱ्हाडातल्या कितीतरी घरी जिन्याखाली धूळ खात असते. तिच्या टायरवरच्या रबरी गाठी मातीत रुतण्यासाठी असतात. डांबरावर त्या प्रत्येक फेऱ्याला दबतात, उठतात, घोंघावतात आणि पायाचा जोर त्यात जिरतो.

सोपा उपाय म्हणजे रिम तीच ठेवून गुळगुळीत, अरुंद टायर चढवणे: दोन इंचीच्या जागी दीड इंची. फसगत इथेच होते. '२६ × १.५०' आणि '२६ × १ १/२' असे दोन आकडे टायरांवर भेटतात. गणिताच्या मास्तरांना दोन्ही सारखे, रिमला नाहीत. पहिला ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, दुसरा ५८४ च्या. १ ३/८ वाला आणखी निराळा, ५९० चा. म्हणून इंचांच्या नादी न लागता टायरच्या कडेला बारीक उठावात '४०-५५९' शोधावे. आधी रुंदी, मग रिमचा व्यास. व्यास जुळलाच पाहिजे.

हा ५५९ मुळात डोंगराचा नव्हेच. १९३३ मध्ये शिकागोच्या श्विन कंपनीने शाळकरी मुलांच्या सायकलींना फुगीर टायर लावले, त्यांचे हे माप. अशा सायकलींवर पोरे पेपर टाकत. चाळीस वर्षांनी त्या भंगारात निघाल्या, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातल्या हौशी तरुणांनी त्या मातीच्या उतारांवरून सोडायला सुरुवात केली. १९७६ पासून तिथे शर्यत लागू लागली. पायाने उलटे पेडल मारले की मागचा हब आवळणारा ब्रेक, उतार असा खडा की हबातले ग्रीस तापून धूर होऊन जायचे. खाली पोचल्यावर हब खोलून नवे ग्रीस भरणे आले. त्यावरून शर्यतीला आणि उताराला 'रिपॅक' हेच नाव पडले. माउंटन बाइकचा जन्म असा जुन्या, रोजच्या सायकलीत फेरफार करून झाला. तिला पुन्हा डांबरावर आणणे म्हणजे लेक माहेरी येण्यासारखेच.

वलगावला तर याचे नवल वाटू नये. इथेच पेढी नदीच्या काठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. फुटक्या गाडग्याचे खापर डोक्यावर ठेवले की टोपी, हाती घेतले की ताट, एवढ्यावर त्यांचे भागले. नवी सायकल घेण्याआधी जुनीची चाके पाहावीत, असे म्हणायला याहून मोठा आधार नको.

काहींना मोठे चाकच हवे असते. साध्या काळ्या सायकलीची अठ्ठावीस इंची रिम ६३५ ची. ती स्वस्त आणि कुठेही मिळणारी, पण मागच्या रिमला बहुधा ४० भोके आणि गिअरच्या हबला ३६, मग तारा ओवायच्या कशा? शर्यतीच्या सायकलीची ६२२ ची रिम ३६ भोकांची मिळते, मात्र तिची कड साडेएकतीस मिलिमीटर वर सरकते आणि ब्रेकचे रबर तिथवर पोचत नाही. डिस्क ब्रेक असेल तरच हा खटाटोप करावा, तोही चिमट्यात टायर फिरायला जागा आहे ना, हे पाहून.

अरुंद टायरला हवा जास्त लागते. कमाल दाब कडेवरच छापलेला असतो. बाभळीचा काटा मात्र कुठल्याही टायरला सोडत नाही. मडगार्ड लावताना टायरपासून दोन बोटे अंतर ठेवावे, नाहीतर पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती त्यात भरते आणि चाक जागीच थांबते. दीड इंची टायरने चाकाचा घेर शेकडा तीन-चारने घटतो. गिअरमध्ये त्याची भरपाई मागच्या लहान चकतीवर चेन टाकून होते. हँडलवर डिजिटल मीटर असेल तर त्यात नवा घेर भरावा लागतो, नाहीतर वलगाव-अमरावती अंतर तीन-चारशे मीटरने वाढते.