उतरलेली पट्टी

गेल्या श्रावणात आमच्या भजनी मंडळात एक गोष्ट घडली. गोष्ट अगदी क्षुल्लक. पण तिने माझी दोन रात्रींची झोप घालवली. तिसरा अभंग संपत आला असताना माझी नजर सहज पेटीकडे गेली. पाहतो तो, पेटीवाल्याचे बोट काळी एकवर! माझी पट्टी पांढरी चार. गेली पन्नास वर्षे मी पांढरी चारमध्ये गात आलो आहे, आणि मंडळात नव्याने येणाऱ्या माणसाला ही गोष्ट पहिल्या दिवशी, बहुधा माझ्याच तोंडून, कळते. कुणी मला विचारले नव्हते, सांगितले नव्हते. परस्पर माझी पट्टी उतरवली होती. आणि मी मूर्खासारखा मनातल्या मनात खूष होतो, की या वयातही आपला आवाज किती विनासायास लागतो!

पुढच्या गुरुवारी मी पाठदुखीचे निमित्त सांगून घरी बसलो. आणि त्या रिकाम्या संध्याकाळी मला आठवण झाली ती रॉबर्ट प्लांटची.

भजनी मंडळाचा आणि इंग्लंडातल्या रॉक गायकाचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, १९४८ चा. आमच्या ऑफिसात एक गोवेकर मित्र होता. धोबीतलावाला त्याच्या मामाच्या बिऱ्हाडी राहायचा. त्याने एका रविवारी मला घरी नेऊन लेड झेपलिन या चौघांच्या संचाची दुसरी तबकडी ऐकवली. तबकडी १९६९ ची. नाट्यसंगीतावर वाढलेला मी! प्रथम वाटले, कुणाचे तरी बोट दारात चेंगरले असावे. मित्र मात्र डोळे मिटून बसला होता. त्याच्या भिडेखातर मी दुसऱ्यांदा ऐकले, तिसऱ्यांदा ऐकले, आणि मग माझ्या ध्यानात आले, की हे ओरडणे भलतेच सुरेल आहे. ज्या उंचीवर आमच्याकडचे भलेभले गायक एखादी जागा घेऊन सुखरूप खाली उतरतात, तिथे हा विशीतला पोरगा बिऱ्हाड करून राहिला होता. मधल्या सप्तकाच्या वरचा 'ए' म्हणून पाश्चात्त्यांचा जो सूर आहे, तो गाताना स्वरतंतू सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर आपटतात. हा गृहस्थ त्याच्याही वर, शेजारी जॉन बॉनम ड्रम बडवीत असताना, दोन-दोन तास गायचा. रोज रात्री.

गंमत अशी, की १९७२ साली तो आणि गिटारवाला जिमी पेज मुंबईला आले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. ती तबकडीवर अधिकृतपणे यायला २०१५ साल उजाडले. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या नाचघरातही दोघे वाजवून गेले. मी तेव्हा गिरगावात राहत होतो. दोन-तीन मैलांवर! मला पत्ता लागला तो तीस वर्षांनी.

तर, तो आवाज फार टिकला नाही. टिकणे शक्यही नव्हते. १९७३ च्या पुढच्या मैफलींची ध्वनिमुद्रणे ऐकली की कळते, पूर्वी जिथे तो झेप घ्यायचा तिथे आता वळसा घालून जातो. चाल थोडी बदलतो, वरचा सूर सोडून खालचा धरतो. १९८० मध्ये बॉनम गेला आणि संच मोडला. १९८५ च्या जुलैत 'लाइव्ह एड'साठी उरलेले तिघे फिलाडेल्फियात एकत्र उभे राहिले, तेव्हा प्लांटचा घसा पुरता बसलेला होता. पुढे त्या कार्यक्रमाच्या डीव्हीडी निघाल्या, त्यांत आपले गाणे घालू द्यायला या मंडळींनी नकार दिला. मला तो नकार आता फार चांगला समजतो.

शरीराचे म्हणाल तर सगळ्यांचे सारखेच. वय वाढते तसे पुरुषाचे स्वरतंतू बारीक होतात, त्यांची लवचीकता जाते. कंठातल्या कूर्चा हाडासारख्या कडक होऊ लागतात. छातीचा भाताही जुना होतो. चमत्कार असा, की म्हाताऱ्या पुरुषाचा बोलण्याचा आवाज उलट किंचित चढतो. उंच गाण्याचे बळ तेवढे जाते.

पण आपल्याकडे त्याचा बभ्रा होत नाही. आपल्याकडे षड्ज हा गाणाऱ्याच्या मालकीचा. तंबोरा गळ्यावरून लावतात, गळा तंबोऱ्यावरून नव्हे. गंगूबाई हनगलांच्या १९३० नंतरच्या तबकड्या ऐका. बारीक, उंच, कोवळा आवाज. पुढे घशाच्या दुखण्यावर उपचार झाले आणि तो आवाज गेला. आला तो जाड, पुरुषी. बाईंनी तंबोरे खाली उतरवले आणि त्याच आवाजावर सगळे आयुष्य उभे केले. कुणी त्यांना म्हटले नाही, की तुमची जुनी पट्टी परत आणा.

रॉक गायकाला हे भाग्य नाही. त्याचे गाणे गिटारच्या मोकळ्या तारांना धरून बांधलेले असते, आणि त्याहून घट्ट ते तबकडीला बांधलेले असते. ऐकणाऱ्याच्या कानात १९७१ सालचा सूर गोठून बसलेला. साठीचा माणूस रंगमंचावर येतो आणि त्याची स्पर्धा लागते ती तेवीस वर्षांच्या स्वतःशी, ज्याला सर्दी होत नाही आणि जो कधी थकत नाही. मग कुणी कुणी अवघड जागा आली की मायक्रोफोन श्रोत्यांकडे वळवतात. श्रोत्यांना वाटते, आपला मान केला! 'डीप पर्पल'च्या इयन गिलनने 'चाइल्ड इन टाइम'सारखे गाजलेले गाणे मैफलीतून काढूनच टाकले. मला ते अधिक सभ्यपणाचे वाटते.

१० डिसेंबर २००७ ला लंडनमध्ये लेड झेपलिनचे उरलेले तिघे बॉनमच्या मुलाला ड्रमवर घेऊन पुन्हा एकदा वाजवायला उभे राहिले. त्या रात्रीचा चित्रपट २०१२ मध्ये निघाला. माझ्या भाच्याने तो मला आणून दाखवला. "मामा," तो म्हणाला, "नीट ऐका. काही गाणी खाली उतरवलीत." खरेच उतरवली होती. एकोणसाठ वर्षांचा प्लांट, चेहऱ्यावर सुरकुत्यांचे जाळे, आणि गिटारच्या तारा त्याच्यासाठी सैल केलेल्या. काय बिघडले? काहीच बिघडले नाही. उलट शब्द मला प्रथमच नीट ऐकू आले. जग वाट पाहत होते, की आता हे लोक गावोगाव फिरून गातील. प्लांट त्या वाटेला गेला नाही. त्याच साली त्याची ॲलिसन क्राउस या, त्याच्याहून तेवीस वर्षांनी लहान असलेल्या गायिकेबरोबरची तबकडी निघाली होती, 'रेझिंग सँड'. तो तिच्याबरोबर गायला निघून गेला.

ती तबकडी मी किती वेळा ऐकली आहे, सांगता येणार नाही. जन्मभर एकटा पुढे उभा राहून गायलेला हा माणूस साठीच्या उंबरठ्यावर दुसऱ्या आवाजाच्या शेजारी बसायला शिकला. ती गाईल त्याच्या जरा खाली, तिच्या श्वासाबरोबर श्वास घेत. आवाजात आता हवा मिसळली आहे, कडेला थोडा गंज आहे. विशीत तो ब्लूज गाणाऱ्या वयस्क निग्रो गवयांची दुःखे उसनी घेऊन ओरडत होता. हे दुःख बहुधा घरचे असावे. २००९ मध्ये अमेरिकेत ग्रॅमी पारितोषिकांत ही त्या वर्षीची सर्वोत्तम तबकडी ठरली. 'स्टेअरवे टु हेवन' हे त्याचे सर्वांत गाजलेले गाणे मात्र त्याने लंडनच्या त्या रात्रीनंतर सोळा वर्षे गायले नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात कर्करोगाच्या मदतनिधीसाठी कुणीतरी आग्रह केला, तेव्हा गायला. भाच्याने ते मोबाइलवर पाठवले. पाठदुखीच्या त्या गुरुवारी मी तेच काढून पुन्हा ऐकले.

ऐकून झाल्यावर बराच वेळ तसाच बसलो. मग पेटीवाल्याला फोन लावला. म्हटले, पाठ बरी आहे. या गुरुवारी येतो. आणि थोडे घुटमळून, शक्य तितक्या मोठ्या मनाने म्हणालो, "हे पाहा, माझ्यासाठी काळी एकच धरा. माझी काही हरकत नाही."

पलीकडे क्षणभर शांतता.

"अण्णा," तो म्हणाला, "रागावू नका. एकदम नाही उतरवली. दर चातुर्मासाला एकेक पट्टी घेतली खाली. आधी पांढरी तीन, मग काळी दोन, मग पांढरी दोन. हा चौथा चातुर्मास. तुम्ही दर वर्षी म्हणायचात, यंदा आवाज छान लागलाय. मग मला सांगवेना."