न ऐकता पाहिलेले चित्रपट

चित्रपटांविषयी मत देण्याचा मला कोणताही अधिकार नाही. दिवसभर एका भाषेतील मजकूर दुसरीत उतरवावा आणि सायंकाळी चित्रपट पाहावा, एवढीच माझी पात्रता. तथापि गेली काही वर्षे माझ्या मतांना एक कठोर परीक्षक लाभला आहे. माझ्या आईस आता जवळजवळ ऐकू येत नाही. श्रवणयंत्राने घरातले बोलणे कसेबसे कळते. परंतु संवाद आणि पार्श्वसंगीत एकत्र आले की तिच्या कानांत नुसता कल्लोळ माजतो. म्हणून ती यंत्र काढून ठेवते आणि केवळ पाहते.

'शोले' (१९७५) घ्या. त्यातील संवाद आमच्या घरी सर्वांस तोंडपाठ. पण आईच्या लेखी गब्बरसिंग म्हणजे खडकांवर येरझारा घालणारा एक मळकट मनुष्य. तिच्या मनात राहिली ती ठाकुरांची विधवा सून, रात्री एकेक दिवा मालवणारी. जयच्या माउथ ऑर्गनचा सूर आईपर्यंत पोहोचत नाही, तरी त्या दोघांमधले अंतर तिला नेमके उमगले. 'प्यासा'ने (१९५७) मात्र तिची निराशा केली. साहिरची गीते वगळली की सभागृहाच्या दारात, पाठीशी उजेड घेऊन, हात पसरून उभा असलेला गुरुदत्त तेवढा उरतो. तरीही मला 'प्यासा' फार वरचा वाटतो. हा आमचा वाद मिटलेला नाही.

'संत तुकारामा'बद्दल (१९३६) वाद नव्हताच. आजारी मुलाला ओढीत, हाती पायताण घेऊन, विठोबाला जाब विचारावयास निघालेली जिजाई कोणत्याही भाषेच्या माणसास कळावी. पागनीसांच्या अभंगांची थोरवी मी जाणतो. पण संसाराचा भार दिसतो तो जिजाई झालेल्या गौरी यांच्या चालण्यात.

आणि 'पथेर पांचाली' (१९५५). दीर्घकाळाने परतलेला हरिहर मोडके घर पाहतो, आणलेल्या वस्तू दाखवू लागतो आणि दुर्गेसाठी घेतलेली साडी सर्वजयेच्या हाती देतो. मुलगी गेल्याचे त्याला ठाऊक नाही. सर्वजया ती साडी दातांत धरते आणि कोसळते. येथे सत्यजित राय यांनी तिचा आक्रोश ऐकविलाच नाही. त्याच्या जागी तारशहनाईचा तीव्र सूर आहे. म्हणजे ते रडणे शाबूत कानांच्या प्रेक्षकांनाही ऐकू येत नाही. आईने चित्रपट थांबवावयास सांगितले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "त्याला कुणीतरी वेशीवरच सांगायला हवं होतं रे."

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) मात्र शब्दांवाचून उभाच राहू शकत नाही. मॅनहोलमध्ये मरण पावलेल्या कामगारास आपल्या गीताने आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप एका वृद्ध शाहिरावर येतो आणि न्यायालयात कलमांमागून कलमे एकसुरीपणे वाचली जातात. अलीकडच्या मराठी चित्रपटांत मी याला अग्रस्थान देतो. आईला त्यात खुर्च्यांवर बसलेली माणसे दिसली. आमच्या प्रतीत तळाशी इंग्रजी ओळी होत्या; मराठी पात्रांचे बोलणे मराठी बाईस मराठीत वाचावयास मिळेना! अनुवादकाच्या घरात हे अधिकच बोचते. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'त (१९१३) कथा सांगणाऱ्या पाट्या तरी होत्या. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, चित्रे बोलू लागली आणि हळूहळू पाट्या गेल्या. त्यांबरोबर काही प्रेक्षकही गेले असतील, याचा विचार कोणी केला?

मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. संवाद आणि ध्वनी अक्षरांत दाखविण्याची सोय त्यांत सांगितली आहे. आमच्या जवळच्या चित्रपटगृहात मी चौकशी केली, तेव्हा तिकीटखिडकीवरील तरुणाने मलाच प्रश्न पुन्हा विचारावयास लावले.

तूर्त मी 'कोर्ट'चे संवाद वहीत उतरवीत आहे. आई आधी वाचते, मग तो प्रसंग पाहते. सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, तो भाग तिने दोनदा पाहिला. कलमांची पाने मात्र ती न वाचताच उलटते.