रेंजच्या पलीकडले आवाज

तेलंगणातला निर्मलचा घाट चढून वर आलं की महामार्गाच्या दोन्ही अंगांना सागाचं रान लागतं, आणि त्या रानात नेरडीगोंडा. २०२० च्या पावसाळ्यात, कोरोनानं वर्ग बंद पडले तेव्हा, हे गाव, त्याच्या भोवतालचे गुडे नि तांडे, माझ्या पडद्यावरचे काळे चौकोन होऊन बसले होते. चौकोनात नावाचं पहिलं अक्षर तेवढं. त्या अक्षरांकडे बघत मी इतिहास शिकवायचो, आणि मधूनच एखादा माईक चुकून उघडा राही, तसा त्यातून अख्खा ओला श्रावण आत शिरे: पत्र्यावर तडतडणारा पाऊस, कपाशीतून परतलेल्या बाईची हाक, शेळीचं बें बें, कुणी गोंडीत विचारलेलं, कुणी तेलुगूत दिलेलं उत्तर, आणि या सगळ्या कल्लोळाच्या तळाशी एक कोवळा, अवघडलेला मराठी आवाज, ‘‘सर, आवाज येऊन राहिला का?’’

येत होता.

वर्गात न दिसलेली घरं अशी ऐकू येऊ लागली. एका पोरीच्या घरात फोन एकच, आणि तो बापासोबत रानात गेलेला. सकाळी दहाला तास म्हणजे त्या पोरीसाठी नसल्यातच जमा. ‘कॅमेरा लावा’ म्हणणं मग जिभेवर येईना. एका खोलीत चूल, खाट, म्हातारी आणि पुस्तक, ते सगळं जगापुढे का उघडायचं?

या मातीला शिकवण्याची एक जुनी वाट ठाऊक आहे. १९४० च्या दशकात, निजामाच्या राज्यात, मानववंशशास्त्रज्ञ हैमेंडॉर्फ यांनी तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मार्लवाईला गोंड मुलांच्या शिक्षणाचा घाट घातला, तेव्हा शिक्षक गोंडांतूनच घडवले आणि पहिली पुस्तकं गोंडीत काढली, देवनागरी अक्षरांत. पुढे सेतुमाधवराव पगडी इथे अधिकारी म्हणून आले आणि गोंडी शिकले. शिकवणाराच पोरांच्या अंगणापर्यंत चालत गेला होता. आमच्या वेळी मात्र पोरंच रेंज शोधत टेकडी चढत होती, आणि आम्ही पंख्याखाली बसून हजेरी घेत होतो.

म्हणून मी धड्याचे लहान तुकडे बोलून, रेकॉर्ड करून रात्री पाठवू लागलो. ज्याला जेव्हा फोन मिळेल, तेव्हा त्यानं ऐकावं. उत्तरही बोलूनच द्यावं, मराठीत, तेलुगूत, जमेल तसं. हजेरीचं काय, असं कार्यालयानं विचारलं. (कार्यालयं तेच विचारतात.) मी मात्र दिवे मालवून, कानाला फोन लावून ते आवाज ऐकत राहायचो, शब्दांआधी श्वास, श्वासाआधी वारा, आणि हळूहळू प्रत्येक अक्षराला चेहरा फुटत गेला.

एकाचं उत्तर कुंतलाहून आलं. कडम नदी तिथं सुमारे पंचेचाळीस मीटरवरून कोसळते; भरल्या पावसातल्या त्या गर्जनेत अर्धं उत्तर वाहून गेलेलं. मी लगेच फोन लावला.

‘‘मार्क नंतर द्या सर,’’ तो ओरडून म्हणाला, ‘‘आधी मागचा धडा सांगा. रेंजसाठी लई लांब चालून आलो.’’